रोझेटाचं मुखदर्शन

मुलगा लंडनला नोकरीला लागला की आईवडिलांनी एकदा तिकडे जाऊन यायचं, हा आता सोळा संस्कारांच्या पुढचा सतरावा संस्कार झाला आहे. आम्ही तो 2024 च्या ऑगस्टमध्ये उरकला. निघण्याआधी इमारतीतल्या प्रत्येकाने काही ना काही बघून यायला सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या काकांनी कोहिनूर सांगितला, समोरच्या वहिनींनी वाघनखं. ‘सगळं त्या ब्रिटिश म्युझियममध्येच आहे हो,’ असं दोघांनीही ठणकावून सांगितलं. आपलं जे जे म्हणून हरवलं ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, अशी आपल्याकडे एक ठाम समजूत आहे. प्रत्यक्षात कोहिनूर टॉवर ऑफ लंडनमध्ये असतो. वाघनखं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली, आणि ती त्याच जुलैत साताऱ्याला येऊन दाखल झाली होती. म्हणजे वहिनी मला जे बघायला सातासमुद्रापार धाडत होत्या, ते त्यांना स्वारगेटवरून एसटीत बसून बघता आलं असतं.

माझं म्हणाल तर मी बँकेत चौतीस वर्षं काढली. त्यातली बरीचशी मागच्या टेबलावर, जिथे व्हाउचरं तपासतात तिथे. पुण्यात जन्म काढूनही केळकर संग्रहालयात मी चारदाच गेलो, आणि चारही वेळा पाहुण्यांना घेऊन. पुणेकर स्वतःसाठी संग्रहालयात जात नाही. नागपूरचे मेहुणे आले की जातो, आणि अडकित्त्यांच्या कपाटासमोर उभा राहून, जणू सगळे आपल्याच आजोबांचे आहेत अशा थाटात माहिती देतो. लंडनमध्ये मात्र आम्ही नागपूरचे मेहुणे होतो. दाखवणारा मुलगा, आणि त्याला सुटी एकाच दिवसाची.

“एका दिवसात होईल का रे सगळं?” मी विचारलं.

“बाबा, हायलाइट्स करू.” त्याने मोबाइलवर दहा वस्तूंची यादी काढून ठेवली होती. अष्टविनायक एका दिवसात करणाऱ्या ट्रॅव्हल्सवाल्याच्या आवाजात तो बोलत होता.

प्रवेश फुकट आहे, हे कळल्यावर हिने त्याला तीनदा विचारलं, “नक्की ना?” फुकट ठेवलंय तर आत बघण्यासारखं काय असणार, ही तिची एक शंका. आणि फुकट असूनही आदल्या रात्री मोबाइलवर वेळेचं तिकीट का काढावं लागलं, ही दुसरी. टोटनहॅम कोर्ट रोड स्टेशनवरून चालत फाटकापाशी आलो तर रांग. रांग बघून मात्र मला बरं वाटलं. परक्या देशात आपलं असं काहीतरी भेटलं.

रांगेच्या शेवटी तंबू, तंबूत पिशव्यांची तपासणी. हिच्या पिशवीत स्टीलचा डबा होता, डब्यात धपाटे, धपाट्यांवर प्लॅस्टिकच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी. तपासणाऱ्याने डबा उचलून वजनाचा अंदाज घेतला, झाकण किलकिलं केलं, आत बघितलं आणि आदराने बंद केलं. सत्तर-ऐंशी लाख वस्तू सांभाळणाऱ्या इमारतीच्या दारात आणखी एक जुनी वस्तू आत चालली आहे, असा त्याचा चेहरा होता.

आकडा मी वाढवून सांगत नाही. संग्रहात सुमारे 80 लाख वस्तू आहेत आणि त्यांतल्या साधारण 80 हजार मांडलेल्या. शंभरातली एक बाहेर, नव्व्याण्णव आत ठेवलेल्या. हे प्रमाण आमच्या घराशी आणि घरावरच्या माळ्याशी तंतोतंत जुळतं, पण आमच्या घरी त्याला संग्रह म्हणत नाहीत. या सगळ्याची सुरुवात हान्स स्लोन नावाच्या एका डॉक्टरने केली. रोगी तपासता तपासता त्याने पुस्तकं, नाणी, वाळवलेली झाडं, शिंपले असं करत एकाहत्तर हजारांवर वस्तू घरात जमवल्या. मी घरात जुन्या वायरी आणि बिघडलेले चार्जर ठेवतो त्यावरून जे ऐकून घेतो ते आठवून मी ही माहिती हिला मोठ्या उत्साहाने वाचून दाखवली. ही म्हणाली, “पुढचं वाचा.” पुढे लिहिलं होतं, की 1753 मध्ये स्लोन वारला तेव्हा मृत्युपत्रात त्याने लिहून ठेवलं होतं : माझ्या वारसांना 20 हजार पौंड द्या आणि सगळं देशासाठी घेऊन जा. त्याला दोन मुली होत्या. “बघा,” ही म्हणाली, “नुसतं साठवलं नाही, मुलींची सोय लावली. तुमच्या वायरींचे कोण किती देणार?”

म्युझियम लोकांसाठी उघडलं ते 15 जानेवारी 1759 रोजी. मी मनातल्या मनात हिशेब केला. पानिपत 14 जानेवारी 1761. म्हणजे दोन वर्षांना एक दिवस कमी. आपले लोक अटकेपार जाऊन आल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं, आणि इकडे लंडनमध्ये जुनी मडकी बघायला मिळावीत म्हणून लोक लेखी अर्ज करत होते. त्या अर्जांचा आताचा आकडा : 2024 साली सुमारे 65 लाख माणसं येऊन गेली. त्यांतली निम्मी त्या दिवशी आमच्याबरोबर होती असं माझं मत आहे.

आत शिरल्यावर काचेच्या छताखालचं भलंमोठं अंगण लागतं. छतात 3,312 काचा आहेत आणि एकीचं माप दुसरीला लागत नाही, असं मुलगा म्हणाला. आमच्या गच्चीवर पत्र्याची शेड घालताना सगळे पत्रे एकाच मापाचे होते, तरी एकही नीट बसला नाही. असो. छताखाली लक्ष्मी रोडवर धनत्रयोदशीला असते तशी गर्दी होती, फक्त कोणाच्या हातात पिशव्या नव्हत्या. इटालियन शाळांच्या सहली होत्या, आणि त्यांच्यापुढे छत्री उंच धरून चालणाऱ्या बाई. वारीत दिंडीचा झेंडा असतो तशी ती छत्री. एका पिवळ्या छत्रीमागे चालत राहिलो तर मी एकदम तळघरातल्या स्वच्छतागृहांपाशी पोचलो. पण ती भेट वाया गेली असं मी म्हणणार नाही.

यादीतला पहिला नंबर रोझेटा स्टोनचा.

पंढरपूरला दोन रांगा असतात हे आपल्याला माहीत आहे. एक पदस्पर्शाची, त्यात तासन् तास उभं राहावं लागतं. दुसरी मुखदर्शनाची, लांबून हात जोडायचे आणि पुढे सरकायचं. रोझेटाचं फक्त मुखदर्शन मिळतं, तेही काचेतून. मला तर तेही थेट मिळालं नाही. माझ्यापुढे एक उंच मुलगी दोन्ही हात वर करून मोबाइल धरून उभी होती. त्या मोबाइलच्या पडद्यावर मला रोझेटा स्टोन अगदी स्वच्छ दिसला, घरी टीव्हीवर दिसला होता त्याहून थोडा लहान. मग तिने फोटो काढला, तो नीट आला की नाही हे बघत बघत मागे वळली आणि निघून गेली. मूळ दगडाकडे तिची नजर गेलीच नाही. तिच्या जागी मी सरकलो. माझ्या मागच्याला आता माझ्या मोबाइलमधून दगड दिसू लागला असणार.

मला वाटत होतं, दगडावर काही गूढ मंत्र असतील, निदान एखादा शाप तरी. पाटी वाचली तर तो निघाला जीआर. इसवी सन पूर्व 196 मधला. पाचव्या टॉलेमी राजाने देवळांना करात सवलती दिल्या म्हणून पुजाऱ्यांनी सभा भरवली, अभिनंदनाचा ठराव केला, आणि ठरावाच्या प्रती देवळादेवळांत लावाव्यात असा शेवटी आदेश दिला. मजकूर एकच, लिहिला तीन प्रकारे : देवाधर्माला शोभणारी चित्रलिपी, रोजच्या कारभाराची डेमोटिक, आणि राज्यकर्त्यांची ग्रीक. त्रिभाषा सूत्र इतकं जुनं आहे हे आपल्या विधानसभेत कोणी सांगितलेलं दिसत नाही. पुढे चित्रलिपी वाचता येणारं माणूसच उरलं नाही, आणि 1822 मध्ये शांपोलियों या फ्रेंच विद्वानाने ग्रीक मजकुराच्या आधाराने ती पुन्हा लावली. मी आयुष्यात अभिनंदनाचे पुष्कळ ठराव पाहिले, काही स्वतः लिहिले. पुढे कोणाच्या उपयोगी पडलेला हा एवढाच.

ही तोवर गर्दीच्या कडेने दगडाच्या बाजूला जाऊन पोचली होती. बायकांना प्रदक्षिणेची सवय असते, त्या समोर अडकून पडत नाहीत. “अहो, इकडे या,” तिने हाक मारली. “याच्यावर नाव घातलंय.”

खरंच घातलं होतं. एका कडेवर इंग्रजी अक्षरांत रंगवलेलं, की ब्रिटिश सैन्याने 1801 मध्ये हा इजिप्तमध्ये हस्तगत केला. दुसऱ्या कडेवर, की तिसऱ्या जॉर्ज राजाकडून भेट. आमच्या लग्नात आलेल्या पातेल्यांवर आणि तांब्यांवर घातलीत तशीच ही नावं. फक्त आपल्याकडे भेट देणारा भांडं आधी विकत घेतो.

मुलाला एक गोष्ट ठाऊक होती. तो आम्हाला अंगण ओलांडून पलीकडच्या लांबलचक दालनात घेऊन गेला. तिथे पूर्वी तिसऱ्या जॉर्जचीच पुस्तकं होती. तिथे रोझेटाची हुबेहूब प्रतिकृती ठेवली आहे. काच नाही, दोरी नाही, आणि हात लावायला परवानगी. समोर एकही माणूस नव्हता. मूळ दगडापाशी दीडशे माणसं एकमेकांच्या खांद्यावरून माना काढत होती, आणि इथे हा बिचारा एकटा. आम्ही निवांतपणे ग्रीक चाचपलं, चित्रलिपीतले पक्षी चाचपले. हिने बोटं फिरवून झाल्यावर ती सवयीने डोळ्यांना लावली.

“अगं, ही प्रतिकृती आहे,” मी म्हणालो.

“असू दे. उत्सवमूर्ती म्हणायची.”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. पदस्पर्श झाला होता, हे खरं.

तिथून परत पलीकडे, असीरियाकडे. खोरसाबादच्या राजवाड्याच्या दारात उभे असलेले दोन बैल तिथे आहेत : माणसाचं डोकं, वेणी घातल्यासारखी दाढी, पंख, आणि एकेकाचं वजन सुमारे सोळा टन. इसवी सन पूर्व आठव्या शतकात सारगॉन राजाने बसवलेले हे द्वारपाल. मुलगा म्हणाला, पाय मोजा. मी मोजले. पाच. पुन्हा मोजले, तरी पाच. समोरून बघणाऱ्याला बैल उभा दिसावा आणि बाजूने बघणाऱ्याला चालताना दिसावा, म्हणून शिल्पकाराने एक पाय जास्तीचा दिला. कंत्राटदाराने मोजमापापेक्षा जास्त माल दिल्याचं हे माझ्या पाहण्यातलं पहिलं उदाहरण.

पण मी तिथे अडकलो ते दुसऱ्याच गोष्टीपाशी. बैलाच्या पायांमधल्या चौथऱ्यावर, वाकून बघितलं तर, दगडात ओरखडून एक पट काढलेला आहे. चौकोनांची ओळ, आपल्या सारीपाटाच्या जातकुळीतला खेळ. राजाने काढायला लावलेला नव्हे. ज्यांनी त्या दारात पहारा द्यायचा त्यांनी, वेळ जाईना म्हणून, काढलेला. वर सोळा टनांचा देव डोळे वटारून दुष्ट शक्तींना अडवतो आहे आणि खाली दोन शिपाई उकिडवे बसून सोंगट्या सरकवतायत. आमच्या सोसायटीचा वॉचमन रात्री मोबाइलवर ल्यूडो खेळतो म्हणून गेल्या सर्वसाधारण सभेत त्याच्याविरुद्ध ठराव झाला. ठरावाला अनुमोदन माझं होतं. त्या पटासमोर उभा असताना मी ते मनातल्या मनात मागे घेतलं. मी वाकून बघतोय हे पाहून आणखी चारजण वाकले. काय बघायचं हे त्यांना माहीत नव्हतं, पण कोणी वाकलं की आपणही वाकून बघायचं, ही सवय जगभर एकच आहे.

पार्थेनॉनच्या दालनावर फार लिहीत नाही. लॉर्ड एल्गिनने अथेन्सच्या देवळावरून ही शिल्पं उतरवून आणली, 1816 मध्ये ती सरकारने 35 हजार पौंडांना घेतली, ग्रीस तेव्हापासून नाही तरी पुष्कळ वर्षं परत मागतो आहे, आणि इकडून उत्तर येतं की कायद्याने देता येत नाही. आपल्याकडेही शेजारी मिक्सरचं भांडं नेतात, पण भांडं परत न देण्याचा कायदा करून घेत नाहीत. तिथला मला भेटलेला एकच जीव सांगतो. चंद्रदेवी सेलेनीच्या रथाचा घोडा. नुसतं डोकंच आहे. रात्रभर रथ ओढून आता पहाटेला समुद्रात बुडायची वेळ, जबडा खाली लोंबतोय, नाकपुड्या फुगल्यात, डोळे बाहेर आलेत. दुपारचा दीड वाजला होता. त्या भव्य दालनात माझ्या पोटऱ्यांचं दुःख समजणारा तो एकटाच होता.

संग्रहालयाचं खरं मोजमाप बाकांत करावं या मताला मी तिथे आलो. बाक दिसला की तिघांची जागा असते आणि चौघे बसलेले असतात. लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी ‘जरा सरका’ म्हणता येतं. तिथे तसं म्हणायची पद्धत नाही. तिथे बाकासमोर उभं राहून एखादं शिल्प फार आवडल्यासारखं बघत राहायचं, आणि कोणी उठलं की आवड आटोपती घ्यायची. एका बिनहाताच्या, बिनडोक्याच्या देवीकडे मी अशी दहा मिनिटं बघितली. ती कोण होती हे आजही मला सांगता येणार नाही.

धपाटे बाहेर, पायऱ्यांवर बसून खाल्ले. इमारतीच्या तोंडाशी चव्वेचाळीस अजस्र खांब आहेत. त्यांच्या सावलीत शेंगदाण्याची चटणी विशेष लागते. शेजारी बसलेल्या एका आजोबांनी सँडविच खाता खाता हिच्या डब्याकडे तीनदा पाहिलं. हिने अर्धं धपाटं पुढे केलं. त्यांनी ते घेतलं, तिखटाने डोळ्यांत पाणी आलं, तरी पूर्ण खाल्लं. ब्रिटिशांनी भारतातून नेलेल्या वस्तूंपैकी आमच्या डोळ्यांदेखत, आणि आमच्या संमतीने नेलेली, ही एवढीच.

दुपारी वरचा मजला. ममींच्या दालनात मुंगीला शिरायला जागा नव्हती. लहान मुलं काचांना नाकं लावून उभी होती, आणि त्यांचे आईवडील त्यांना वर उचलून, जे बघून मुलं रात्री झोपणार नव्हती, ते नीट दाखवत होते. मागून कोणीतरी सारखं कोपर मारत होतं. “काय रेटारेटी लावलीय मेल्यांनी,” मी मराठीत पुटपुटलो. मागून आवाज आला, “सॉरी काका.” वळून पाहिलं तर मिसरूड फुटलेला एक मुलगा, पाठीला सॅक, डोंबिवलीचा निघाला. पुढचा अर्धा तास त्याने गर्दीत माझ्यासाठी वाट करून दिली.

त्याच्यामुळेच शेजारच्या दालनातल्या एका काचेच्या पेटीपर्यंत आम्ही पोचलो. आत वाळूत एक माणूस कुशीवर झोपला आहे, गुडघे पोटाशी, हात चेहऱ्याशी. इजिप्तमधल्या गेबेलाइनचा, साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा. याला कोणी मसाले लावले नाहीत, पट्ट्या गुंडाळल्या नाहीत. नुसता खड्ड्यात पुरला, आणि तापल्या वाळूने अंगातलं पाणी शोषून घेऊन त्याची कातडी, नखं, डोक्यावरचे थोडे केस सगळं तसंच ठेवलं. 2012 मध्ये त्याला यंत्रातून तपासलं तेव्हा कळलं, की वय अठरा ते एकवीस, आणि पाठीत, डाव्या खांद्याखाली, हत्यार खुपसून मारलेला. मी पाटी वाचून हिला सांगितलं.

ही बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “एवढासा पोरगा हो. आणि मागून वार केला.” एवढ्या गर्दीत तिने ओढणी सारखी केली आणि हात जोडले. आमच्या शेजारी पाच-सहा वर्षांचा एक गोरा मुलगा उभा होता. त्याने हिच्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, आणि आपले चिमुकले हात जोडले. त्याची आई त्याला हलकेच पुढे घेऊन गेली. आम्हीही मग पुढे निघालो. मुलाने यादी काढली, पण ती त्याने वाचली नाही.

आता खरं सांगायचं ते सांगतो. यादीतला शेवटचा नंबर मेसोपोटेमियाचा होता. तिथे पाय ठेवला आणि मला एकदम ऑफिसात आल्यासारखं वाटलं. कपाटांत सगळ्या मातीच्या पाट्या. पाट्या म्हणजे बहुतेक व्हाउचरं. एक पाच हजार वर्षांपूर्वीची पाटी कामगारांना किती बिअर वाटली त्याची नोंद आहे. माणसाने लिहायला सुरुवात केली ती प्रेमपत्रासाठी नव्हे, हिशेब जुळावा म्हणून. चौतीस वर्षं मागच्या टेबलावर बसलेल्या माणसाला हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. मी प्रत्येक पाटी बघत सुटलो. कोणाला आकडा जुळला नाही म्हणून खाडाखोड केलीय का, हे बघायची बोटांची सवय गेलेली नाही.

एका कपाटासमोर दोन कॉलेजातली मुलं खिदळत फोटो काढत होती. आत तळहातात मावेल एवढी पाटी, दोन्ही बाजूंनी गिचमीड भरलेली. मुलगा म्हणाला, “बाबा, ही इंटरनेटवर फेमस आहे. जगातली सगळ्यांत जुनी ग्राहक तक्रार.” मी वाचायला लागलो, आणि मला हसू येईना.

इसवी सन पूर्व 1750 च्या आसपास. उर गावात एआ-नासिर नावाचा व्यापारी होता, दिलमुनहून, म्हणजे आताच्या बाहरीनकडून, तांबं आणून विकायचा. त्याला नन्नी नावाच्या गिऱ्हाइकाने हे पत्र धाडलं. चांगल्या प्रतीच्या तांब्याच्या विटा देतो असं तू कबूल केलंस, आणि माझ्या माणसापुढे भलताच माल टाकलास. वर त्याला म्हणालास, घ्यायचं तर घे, नाहीतर चालता हो. माझी माणसं शत्रूच्या मुलखातून जीव मुठीत घेऊन तुझ्याकडे पैसे मागायला आली आणि तू त्यांना हात हलवत परत पाठवलंस. मला तू समजतोस कोण? यापुढे तुझा माल माझ्या अंगणात, मी एकेक वीट पारखून घेईन, आणि नापसंत वीट परत करायचा हक्क माझा. असा एकूण मतलब.

आता माझी हकीकत ऐका. आम्ही लंडनला गेलो त्याच वर्षी मार्चमध्ये मी एका कंपनीकडून ऑनलाइन तांब्याचा पाण्याचा जार मागवला. शुद्ध तांबं, असं लिहिलं होतं. तांबट आळी घरापासून चालत पंधरा मिनिटांवर असताना मोबाइलवरून तांबं का मागवता, असं ही तेव्हाच म्हणाली होती. पितांबरी लावून तिसऱ्यांदा घासला तेव्हा जारच्या तळाला तांब्याखालून स्टील डोकावू लागलं. मी तक्रार केली. तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, असं उत्तर आलं. दुसरी तक्रार केली, आधीच्या तक्रारीचा क्रमांक मागितला. तो दिला तर तो क्रमांक बंद झाला आहे, नवी तक्रार नोंदवा, असं आलं. चौथ्या पत्रात मी लिहिलं होतं, की मला आपण समजता कोण. शब्दाला शब्द.

मी ते हिला सांगितलं. ती म्हणाली, “एकाच नाडीचे दोघे.”

“मार्ग काढला असता की नाही त्याने?”

“कोणी?”

“नन्नीने. तुझ्या तांबट आळीत गेला असता की नाही?”

“गेला असता. बायकोचं ऐकलं असतं तर.”

एआ-नासिरचं ज्याला घर मानतात तिथे, पुरातत्त्वज्ञ वूलीसाहेबांच्या उत्खननात, अशा तक्रारींच्या आणखीही पाट्या निघाल्या. म्हणजे नन्नी एकटा नव्हता. गृहस्थाने सगळ्या तक्रारी नीट जपून ठेवल्या होत्या. त्याच्याकडून नन्नीला गेलेलं उत्तर मात्र सापडलेलं नाही. आमच्या बँकेत अशा फाइलला ‘विचाराधीन’ म्हणत. मी खिशातून चष्मा काढून पुन्हा एकदा बघितलं. मातीत अक्षरं किती खोल दाबलीत, ते दिसत होतं. रागात लिहिणाऱ्याचा हात जड पडतो. लिहिणारा पगारी लेखनिक असेल, पण सांगणारा समोर उभा असणार. ती दोन मुलं अजून खिदळत होती. त्यांनी अजून काही विकत घेतलेलं नसावं.

खाली उतरताना प्रसादाचं दुकान लागलं. रोझेटा मगांवर, मोज्यांवर, छत्र्यांवर आणि चॉकलेटांवर होता. अंघोळीच्या टबात सोडायची रबरी बदकं होती, रोमन शिपायाच्या वेषातली. नातीसाठी एक बदक, कोहिनूरवाल्या काकांसाठी रोझेटाचा फ्रिजला चिकटवायचा मॅग्नेट, आणि वाघनखंवाल्या वहिनींसाठी काही नाही, कारण साताऱ्याची एसटी त्यांनाही होती. दहांच्या यादीतल्या चार गोष्टी राहून गेल्या. मुलाला वाईट वाटलं. मला वाटलं नाही.

तुम्ही जाणार असाल तर शुक्रवार धरा. त्या दिवशी रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं आणि संध्याकाळी गर्दी ओसरते. खाली रोझेटाचं मुखदर्शन घ्या, अंगण ओलांडून उत्सवमूर्तीला हात लावा, बैलाच्या पायांपाशी जरूर वाका. मग वर 56 नंबरच्या दालनात नन्नीपाशी थोडं उभे राहा, आणि जमलं तर त्याला माझा निरोप द्या : पुण्याच्या माणसाचा जारही अजून बदलून आलेला नाही.